जास्वंदीची मुरडलेली पाने

जास्वंद नाही असे परसदार कोकणपट्टीत विरळाच. नावडे गावातील जुनी अंगणे असोत, की शेजारच्या नव्या वसाहतीतील कुंड्या, गणपतीला वाहायचे तांबडे फूल दारचेच असावे, अशी आपली हौस असते. अशा झाडाची पाने मुरडली, कळ्या कमी झाल्या, की आपण खताला दोष देतो किंवा दृष्ट लागली म्हणतो. पुष्कळदा खरा अपराधी विषाणू असतो.

विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही आणि जिवंत पेशीबाहेर वाढत नाही. १८९२ मध्ये रशियात इवानोव्हस्की यांनी रोगट तंबाखूचा रस जंतूंना अडवणाऱ्या गाळणीतून काढला, तरीही त्या रसाने निरोगी रोपे आजारी पडली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात भेंडीवरील केवडा रोगाची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये केली. हाही विषाणूचाच रोग. भेंडी, कापूस व जास्वंद एकाच कुळातील. तिघांचेही असे रोग पांढरी माशी पसरवते. ती पानाखाली बसून रोगट रस शोषते आणि पुढच्या झाडावर विषाणू पोचवते.

दुसरा वाहक म्हणजे आपण स्वतः! रोगट झाडाच्या फांदीपासून केलेले रोप जन्मतःच रोगी असते. कापसाची पाने मुरडणारा विषाणू चीनमध्ये प्रथम २००६ मध्ये ग्वांगझौ येथे सापडला, तो जास्वंदीवरच. पुढे तो तेथे भेंडीवरही आढळला. शोभेच्या झाडाचा रोग असा भाजीच्या वाफ्यापर्यंत जातो.

मग ओळखावे कसे? पान उलटून पाहावे. पांढरा, कापसासारखा थर असेल तर तो पिठ्या ढेकूण. त्यावर उपाय आहे. थर नसून शिरा जाड झाल्या असतील, त्यांवर इवल्या पानांसारख्या वाढी फुटल्या असतील, तर विषाणूचा संशय घ्यावा. अशा झाडाला बरे करणारे औषध नाही. ते मुळासकट काढून नष्ट करावे, शेजारच्या झाडांच्या पानांखाली निंबोळी तेल फवारावे. हाताच्या स्पर्शाने किंवा मातीतून हा रोग पसरत नाही. म्हणून त्याच जागी नवे, निरोगी रोप लावण्यास हरकत नाही.

मागितलेली फांदी नाकारू नये, ही आपली चांगली रीत आहे. ती जरूर पाळावी. मात्र फांदी तोडण्यापूर्वी पान उलटून पाहावे.