प्रमाणपत्रावर न लिहिलेली गोष्ट

काही महिन्यांपूर्वी एक तरुण आपल्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आला. वडील किराणा दुकानदार, वय साठीच्या पुढे. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली. मी सवयीने मुलालाच विचारले, "हे रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात ना?" मुलगा गोंधळला. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला विचारा. गोळ्या माझ्या मीच घेतो." त्यांनी खिशातून दोन डब्या काढल्या. रबर गुंडाळलेली डबी रक्तदाबाची, साधी मधुमेहाची. निघताना नोटा चाचपून त्यांनी माझी फी बरोबर मोजून दिली. मी मनातून ओशाळलो.

नोटा ओळखण्यात जादू काहीच नाही. २०१६ पासून आलेल्या नव्या मालिकेत नोट जितकी मोठी, तितकी ती लांब असते. शंभराची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. शिवाय शंभराच्या व त्यापुढच्या नोटांच्या कडेला बोटाला लागणाऱ्या तिरप्या रेघा असतात. दृष्टी गेल्यावर सहावे इंद्रिय मिळते हा गैरसमज आहे. कान आणि बोटे तीच असतात. सरावाने मेंदू त्यांच्याकडे अधिक लक्ष देऊ लागतो.

असा हुशार माणूस वर्षभर घरात बसून होता. "आता आराम करा," म्हणून मुलांनी त्यांना गल्ल्यावरून उठवले होते. हेतू चांगलाच होता. पण हालचाल थांबली की सांधे आखडतात, स्नायू दुबळे होतात, मधुमेह आवरत नाही, मन खचते. त्यांचेही तसेच झाले होते.

दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते जरूर काढावे. परंतु ती टक्केवारी शरीरातील उणिवेची असते, माणसाच्या कर्तबगारीची नव्हे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली जे वर्गीकरण स्वीकारले, त्यात व्यक्ती रोजची कोणती कामे करते आणि भोवतालच्या अडचणी कोणत्या, याचाही विचार केला आहे.

घरात अपंग व्यक्ती असल्यास पुढील गोष्टी कराव्यात :

१) ती कोणती कामे स्वतः करते, कोणती थोड्या मदतीने करू शकेल, याची यादी तिच्याबरोबर बसून करा. स्वतः करते ती कामे हातातून काढून घेऊ नका.

२) मदत विचारून करा. अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नका. तिला तुमचे कोपर धरू द्या. घरातील वस्तूंच्या जागा न सांगता बदलू नका.

३) कमी ऐकू येणाऱ्याशी ओरडून नव्हे, तर उजेडात समोर उभे राहून सावकाश बोला.

४) गोळ्यांच्या डब्यांना खुणा करा. नवी पाकिटे आणल्यावर मात्र डोळस माणसाने एकदा तपासून द्यावे.

५) प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारा. ही सूचना आम्हा डॉक्टरांनाही लागू आहे.

परवा तोच मुलगा गोळ्या न्यायला एकटाच आला. मी विचारले, "बाबा का नाही आले?" तो म्हणाला, "आज बाजार आहे ना. ते गल्ल्यावर बसलेत."