मृगात जन्मणारे तारे

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र बघा. बाणाच्या तीन ठळक ताऱ्यांच्या जरा खाली एक धुरकट ठिपका दिसतो. शहरातल्या उजेडात नुसत्या डोळ्यांना तो सापडेलच असे नाही. साधी दुर्बीण मात्र पुरते. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या तेजोमेघात आजही तारे जन्मत आहेत.

गंमत म्हणजे ताऱ्याची सुरुवात कडाक्याच्या थंडीत होते. उणे २६० अंशांच्या आसपास वायूचा दाब इतका कमी असतो की गुरुत्वाकर्षणापुढे त्याचे काही चालत नाही. मेघातला दाट भाग आत कोसळतो, केंद्र तापते, भोवती वायू-धुळीची चकती फिरू लागते. पुढे ग्रह तयार होतात ते याच चकतीतून. मृगातल्या अशा चकत्यांची छायाचित्रे हबल दुर्बिणीने टिपली आहेत.

हा बालतारा चमकतो तो आकुंचनाच्या उष्णतेवर. गाभा सुमारे एक कोटी अंशांवर पोहोचला की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते आणि आकुंचन थांबते. सूर्याला इथवर यायला अंदाजे पाच कोटी वर्षे लागली. सूर्याच्या आठ टक्क्यांहून कमी वस्तुमान असलेला गोळा मात्र तारा होतच नाही. त्याला तपकिरी बटू म्हणतात.