स्मृतिवापर मापन, वितरित संचयप्रणालीतील

वितरित संचयप्रणालीत माहितीच्या चकत्या सांभाळण्याचे काम डीमन या पार्श्वभूमीवर अखंड चालणाऱ्या आज्ञावल्या करतात. त्यांनी संगणकाची मुख्य स्मृती कोठे व किती अडवली आहे, हे शोधण्याच्या क्रियेस स्मृतिवापर मापन म्हणतात.

सेज वाइल प्रभृतींनी २००६ मध्ये मांडलेल्या सेफ या प्रणालीत ओएसडी डीमनाचे स्मृतिलक्ष्य सामान्यतः ४ गिगाबाइट असते. ती सक्तीची मर्यादा नव्हे. चकती निकामी होऊन प्रतींची पुनर्रचना सुरू झाली, की वापर वाढतो. स्मृती संपल्यास लिनक्स प्रणाली डीमनच बंद पाडू शकते. मग त्याचा भार इतरांवर पडून तेही कोसळण्याचा संभव असतो.

स्मृतिवाटपाच्या टीसीमॅलॉक या आज्ञावलीतील मापक चालू केल्यास वाटपाच्या नोंदी फाइलींत साठतात व पीप्रॉफ या साधनाने कोणत्या उपआज्ञावलीने किती स्मृती घेतली ते कळते. दोन नोंदींमधील फरक एकट्या नोंदीपेक्षा बोलका असतो. वाढता आकडा म्हणजे गळतीच, असे मात्र नव्हे : मोकळी झालेली स्मृती टीसीमॅलॉक पुष्कळदा स्वतःजवळच राखते. ही शिल्लक मापक न चालविताही आकडेवारीच्या आज्ञेने दिसते आणि दुसऱ्या आज्ञेने प्रचालन प्रणालीस परत करता येते. व्हॅलग्राइंड संचातील मॅसिफ हे साधनही उपयोगी आहे. परंतु त्याने डीमन फार मंदावतो.