तीन विषाणू आणि पाच अक्षरे

अ‍ॅडिनोव्हायरस सर्दी-खोकला देतो. एसव्ही-४० माकडांमध्ये राहतो. एचपीव्ही-१६ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो. तिघांची कुळे वेगळी. पण १९८८-८९च्या सुमारास लक्षात आले, की तिघांचीही प्रथिने पेशीतल्या एकाच प्रथिनाला जाऊन चिकटतात. हे प्रथिन म्हणजे पेशीविभाजनाला लगाम घालणारे ‘आरबी’.

तिघांच्या चिकटणाऱ्या जागेतले अमिनो आम्लांचे क्रम शेजारी ठेवले की मौज कळते. अ‍ॅडिनोव्हायरसमध्ये ल्युसीन, थ्रिओनीन, सिस्टीन, हिस्टिडीन, ग्लुटामेट. एसव्ही-४० मध्ये ल्युसीन, फेनिलअ‍ॅलानीन, सिस्टीन, सेरीन, ग्लुटामेट. एचपीव्ही-१६ मध्ये ल्युसीन, टायरोसीन, सिस्टीन, पुन्हा टायरोसीन आणि ग्लुटामेट. प्रत्येक अमिनो आम्ल म्हणजे एक अक्षर मानले, तर पहिले, तिसरे, पाचवे अक्षर तेच. मधल्या दोन जागी कोणीही चालते.

एचपीव्हीच्या ‘ई-७’ प्रथिनात अवघी ९८ अमिनो आम्ले. त्यांपैकी २२ ते २६ क्रमांकाची ही पाच. गंमत अशी, की ती ज्या भागात आहेत त्याला स्वतःचा ठाम आकारच नाही. उसवलेल्या दोऱ्यासारखा तो लोंबत असतो. आकारावरून काम ठरते, असे आपण शाळेत शिकलो, पण असे घडी नसलेले भाग आपल्या प्रथिनांतही भरपूर आहेत. १९९८ मध्ये ई-७चा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा आरबीच्या खाचेत नेमका बसलेला स्फटिकरचनेत दिसला. ई-७ आरबीला असे पकडून ठेवते तेव्हा त्याच्या ताब्यातली ‘ई-२-एफ’ प्रथिने सुटतात, विभाजनाची जनुके चालू होतात आणि विषाणूला हवी असलेली डीएनए छापण्याची यंत्रणा आयती मिळते.

तिघांनी हे एकमेकांकडून उचलले, असे मानायची गरज नाही. घडीदार प्रथिनात एखादे अक्षर बदलले तर सगळी घडी विस्कटू शकते. लोंबत्या भागात मोडण्यासारखे फारसे काही नसते, त्यामुळे तिथे उत्परिवर्तने खपून जातात. तीनच अक्षरे जुळायची असतील तर योगायोगही पुरतो, आणि ती उपयोगी पडली की निवड त्यांना टिकवून धरते. शिवाय हीच खूण पेशीच्या स्वतःच्या ‘सायक्लिन-डी’ या प्रथिनामध्येही आहे. विषाणू पेशीचीच भाषा बोलतो.

औषधे शोधणाऱ्यांना मात्र हेच नडते. ती खाच बुजवावी, तर पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांचीही अडचण होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’सह एचपीव्हीच्या लशी या पाच अक्षरांच्या वाटेला जातच नाहीत. त्या विषाणूच्या कवचातले ‘एल-१’ प्रथिन शरीराला ओळखायला लावतात, म्हणजे विषाणू पेशीत शिरण्याआधीच अडवला जातो. म्हणूनच लस संसर्गाआधी, किशोरवयात द्यायची.