मतदानयंत्रे विकत घेतो कोण?

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी जिल्हा परिषदेला यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत. ती जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाची. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी लागणारी यंत्रेही काउंटी किंवा शहर प्रशासनच खरेदी करते. शाळा, पोलीस, अग्निशमन यांचा खर्च भागवूनच यंत्रांसाठी पैसे काढावे लागतात.

2000 साली फ्लोरिडात छिद्रे पाडायच्या मतपत्रिकांवरून वाद पेटला आणि अवघ्या 537 मतांच्या फरकाने राष्ट्राध्यक्ष ठरला. त्यानंतर 2002 च्या कायद्याने केंद्राने राज्यांना मोठा निधी दिला. देशभरातील काउंट्यांनी थोड्याच वर्षांत नवी यंत्रे घेतली; त्यांतली बरीच कागदी नोंद न ठेवणारी, टचस्क्रीनची होती. पण निधी एकदाच मिळणारा होता. देखभाल, दुरुस्ती आणि साठवण स्थानिक प्रशासनाच्या माथी आली. शिवाय एकाच सुमारास घेतलेली यंत्रे म्हातारीही एकाच सुमारास झाली.

व्हर्जिनियात याचे परिणाम ठळकपणे दिसले. तेथे यंत्रांना मान्यता राज्य देते, खरेदी काउंटी वा शहर करते. 2015 मध्ये ‘विनव्होट’ या यंत्राची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या वायरलेस जोडणीचा पासवर्ड ‘एबीसीडीई’ असल्याचे आढळले. 2004 नंतर सुरक्षेची कोणतीही सुधारणा त्यात झालेली नव्हती. राज्याने मान्यता काढून घेतली. सप्टेंबर 2017 मध्ये उरलेली कागदविरहित यंत्रेही बाद झाली. मतदानाला दोन महिनेही उरले नव्हते, आणि 22 ठिकाणी नवी यंत्रे आणणे भाग होते. कागदी मतपत्रिका वाचणारे स्कॅनर आले. ते मते मोजतात आणि मतपत्रिका पेटीत जपून राहते.

त्याच निवडणुकीत न्यूपोर्ट न्यूज भागातील एका जागेवर फेरमोजणी झाली. एका मतपत्रिकेवर दोन्ही नावांपुढे खूण होती आणि एक खूण खोडलेली होती. न्यायालयाने ती ग्राह्य धरली. मते 11,608 अशी समसमान झाली. अखेर चिठ्ठी टाकून निकाल लागला आणि सभागृहातील बहुमतही त्यावरच ठरले. हा निकाल हरणाऱ्याला कटू वाटला असेल, पण वादाचा कागद दोघांच्याही डोळ्यांसमोर होता. कागदविरहित यंत्राची फेरमोजणी करायची म्हणजे तोच आकडा पुन्हा वाचायचा.

2018 मध्ये केंद्राने पुन्हा 38 कोटी डॉलर दिले, तेही एकरकमी. यंत्र घेताना ते बदलायचे कधी हेही ठरवून, दरवर्षी थोडी रक्कम बाजूला टाकली नाही, तर पुढची खरेदीही संकट दारात आल्यावरच होणार.