गोळी झाडण्याचा अधिकार कोठवर?

धुळ्याच्या मच्छीबाजार परिसरात ६ जानेवारी २०१३ रोजी उपाहारगृहातील बिलाच्या क्षुल्लक तंट्यातून दंगल उसळली, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण प्राणास मुकले, आणि खाकी गणवेशातील काहींनीच मालमत्तेची नासधूस केल्याचे मोबाइलवरील चित्रण पुढे आल्यावर काही पोलिसांना अटकही झाली. तेव्हापासून खानदेशात पोलिसांच्या गोळी झाडण्याच्या अधिकाराचा प्रश्न केवळ कायद्याच्या पुस्तकातला राहिलेला नाही.

बेकायदा जमावास पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो, आणि तो न जुमानल्यास बळाचा वापर करता येतो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२९, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८). मात्र ज्याच्यावर देहदंड वा जन्मठेपेस पात्र अपराधाचा आरोप नाही, त्याचा अटक करताना प्राण घेण्याची मुभा कायदा देत नाही. खासगी बचावाचा हक्क पोलिसालाही आहे. पण त्या हक्काखाली प्राण घेण्यासाठी सामान्यतः मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती असावी लागते, आणि पळणाऱ्याच्या पाठीत शिरलेली गोळी त्या कसोटीस उतरणे, माझ्या मते, फार दुष्कर आहे.

गोळी झाडल्यानंतरच्या तपासालाही नियम आहेत: मुंबईतील पोलीस चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये चकमकीतील प्रत्येक मृत्यूची खबर नोंदवून, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे सोपवणे बंधनकारक केले.