लॉकर कोणाचा?

मागच्या वेळी आपण न्याय-वैशेषिकांच्या 'अवयवी' या कल्पनेवर बोललो होतो. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं की, सर, घट आणि पट फार झाले, आता एखादं आजचं उदाहरण घ्या. म्हणून आज लोखंडी लॉकर घेऊ. कारखान्यात कामगारांसाठी असतात ते, सहा दारांचे किंवा बारा दारांचे. आमचा भाचा खोपटला दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. त्याने असे दोन जुने लॉकर आणले आणि गॅरेजच्या सामानासाठी लावले. त्या कामात आम्हीही लुडबुड केली, तिचाच हा वृत्तान्त. तत्त्वज्ञान कमी आणि गंज जास्त असेल, ते चालवून घ्या.

खोपट म्हणजे खरं तर झोपडी. आता तिथे झोपडीऐवजी एसटीचं स्थानक, आगार आणि आजूबाजूला गॅरेजं आहेत. थोडं पलीकडे वागळे इस्टेट. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी. ठाण्यातले कारखाने एकामागून एक बंद झाले, त्या जागांवर ऑफिसं आणि टॉवर आले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कारखाना बंद झाला की यंत्रांना गिऱ्हाईक मिळतं. लॉकर मात्र भंगारात जातात, किलोवर.

पण ते कारखान्यात आले कुठून? १९४८ च्या कारखाना कायद्यात ४३ वं कलम होतं. कामाच्या वेळी अंगावर नसलेले कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला योग्य जागा द्यावी, असे नियम राज्य सरकार त्याखाली करू शकत असे. म्हणजे हा पत्रा मुळात कपडे आणि डबा ठेवण्यासाठी बेतलेला. हे लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच निघतात. लोखंडी कपाटांची आपल्याकडची परंपरा तशी जुनी आहे. १८९७ साली लालबागला कुलपांपासून सुरुवात केलेल्या गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटं करायला घेतली आणि लग्नात 'गोदरेजचं कपाट' देण्याची रीतच पडली. ते कपाट एका घराचं. लॉकर मात्र बाराजणांचा.

भंगारवाल्याने लॉकर काट्यावर चढवला तेव्हा आम्हाला जुना वाद आठवला. न्याय-वैशेषिक म्हणतात, अवयवांहून अवयवी वेगळा; पत्रे, बिजागऱ्या, स्क्रू यांहून 'लॉकर' ही वेगळी वस्तू. त्यावर बौद्ध तार्किकांचा प्रश्न असा, की वेगळी असेल तर तराजूत तिचं वजन जास्त का भरत नाही? भंगारवाला पक्का बौद्ध! त्याच्या काट्यावर लॉकर भरतच नाही, फक्त पत्रा भरतो. भाच्याने पैसे पत्र्याचे दिले आणि घरी आणला लॉकर. नैयायिकांची बाजू आम्हाला पटते ती अशा ठिकाणी.

आता विकत घेताना काय पाहायचं? आधी खाली वाकायचं. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाच्या आसपास खोल अशी ही पेटी असते. ती सडते तळाला, कारण वर्षानुवर्षं फरशी धुतलेलं पाणी तिथेच साचतं. तळपट्टीवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर टोक रुतवून बघा. आरपार गेलं तर तो लॉकर सोडून द्या. वरचा गंज भिववतो जास्त, पण तो बहुधा घासून निघतो.

रंगाबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. जुन्या लॉकरचा करडा किंवा हिरवा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्यात शिसं आहे असं धरूनच चालावं. कोरडा पॉलिशपेपर किंवा ग्राइंडरचं ब्रशचाक लावलं की ती धूळ श्वासात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार घातक असतं. भाच्याची मुलगी चार वर्षांची आहे, गॅरेजच्या वरच राहतात. आम्ही पोरांना ग्राइंडर बंद करायला लावला आणि ओल्या वॉटरपेपरने, मास्क लावून घासून घेतलं. चिखल पुसलेली फडकी पिशवीत बांधून टाकली. रंग जिथे घट्ट होता तिथे तो खरवडलाच नाही. मग रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट. वेळ दुप्पट लागला, भाचा कुरकुरला.

पुढची चूक आमची. बारा दारांच्या लॉकरमध्ये प्रत्येक खण फूटभर रुंद. त्यात मोठं सामान मावेना, म्हणून आम्हीच सुचवलं की मधले उभे पत्रे काढून टाका. काढले, आणि लॉकर हलायला लागला. दारं एकमेकांना घासू लागली. झालं काय, की बाहेरचा पत्रा जेमतेम २२ गेज, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. तो स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, उभे-आडवे पत्रे एकमेकांना धरून ठेवतात. (अवयव आणि अवयवी, पुन्हा!) शेवटी पाठीमागे दोन तिरक्या लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या मारल्या आणि प्रत्येक खणाखाली पुढच्या कडेला अँगल लावला. खणाचा पत्रा डब्यासाठी आहे हे विसरू नका. मोटारीची एक बॅटरी सहज १० किलोच्या घरात जाते. त्यावर प्लायवूड टाका, आणि जड वस्तू खालच्या खणातच.

कारण लॉकर पुढे पडतो. उंची साडेसहा फूट, खोली दीड फूट. वरच्या खणात वजन आणि सगळी दारं एकदम उघडी, की गुरुत्वमध्य पुढच्या पायाच्या पलीकडे जायला फारसं काही लागत नाही. तेव्हा वरच्या बाजूला अँगल आणि अँकर बोल्ट लावून तो भिंतीला बांधा. विटांच्या भिंतीत बोल्ट धरतो, पोकळ ब्लॉकमध्ये साधा बोल्ट नीट धरत नाही. खाली चार-सहा इंचांचं स्टँड हवं. २६ जुलै २००५ आठवत असेल. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्या पुराला सहा इंच पुरणार नाहीत, पण दरवर्षी दारातून आत येणाऱ्या पाण्याला पुरतात.

काय ठेवू नये? पेट्रोल आणि थिनर. त्यांची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला साचते. बंद लॉकरमध्ये बॅटरी चार्जिंगला लावू नये, शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो वरच्या खणात जमतो. दारावरचे झरोके त्याला पुरे पडतील असं समजू नका. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी तर गोळा करून मुळीच कोंबू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

हे सगळं झालं, आणि मग खरा प्रश्न आला. लॉकर घेण्याचं कारणच मुळी एक पाना होता, १०-१२ चा. तो हरवला आणि संशय सर्वांत नव्या, एकोणीस वर्षांच्या पोरावर गेला. उघड कोणी बोललं नाही, पण दोन दिवस त्याच्याशी कोणी नीट बोलेना. पाना सापडला एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरच्या डिकीत. त्या गिऱ्हाइकाने आणून दिला नसता तर? भाचा म्हणाला, "मामा, आता प्रत्येकाला एकेक दार देतो. पण सगळ्या किल्ल्यांची एकेक जोडी माझ्याकडे."

आम्ही विचारलं, "का रे?"

"माझं गॅरेज, माझा लॉकर. किल्ली माझ्याकडे नको का?"

युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. पण बघा, लॉकर मालकाचा असला तरी आतली जागा कोणाची? एका जुन्या दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी पांडुरंगाचं चित्र चिकटवलेलं होतं. खाली खडूने लिहिलेली हजेरीची गणितं, ओव्हरटाइमची असावीत. कारखान्याने लोखंड दिलं होतं. ती अर्धा चौरस फुटाची भिंत त्या माणसाची होती. ज्याची चोरीची झडती केव्हाही होऊ शकते, त्याला आपण लॉकर दिलेलाच नसतो, फक्त पेटी दिलेली असते. भाच्याला हे आम्ही इतक्या शब्दांत सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "तुझ्या टेबलाच्या खणाची जोडकिल्ली त्या पोरांकडे देशील का?" तो हसला, पण दोन दिवस विषय काढला नाही.

मग ठरलं ते असं. गॅरेजची हत्यारं एका लॉकरमध्ये, दारं काढून, पाठीच्या पत्र्यावर प्रत्येक पान्याचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला. जागा रिकामी दिसली की संध्याकाळी सगळ्यांनी मिळून शोधायचं. दुसऱ्या लॉकरमध्ये ज्याचं दार त्याचं, कुलूप ज्याचं त्याने आणायचं. उघडायची वेळ आलीच तर तो समोर असताना. पांडुरंगाचं दार कोणी रंगवलं नाही. एकोणीस वर्षांच्या त्या पोराने अजून कुलूप आणलेलं नाही, कोयंड्याला तारेचा तुकडा पिळून ठेवतो.

एका श्रोत्या बाईंनी विचारलं आहे, की सोसायटीत जिन्याखाली असा लॉकर ठेवला तर चालेल का. नको. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. पार्किंगमध्ये, आपल्या जागेत, भिंतीला बांधून ठेवता येईल. आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या.